लढाईत कसले नियम? थाळनेरला काय झालं ते बघा

भाऊ, तुमचा प्रश्न असा की शत्रू नियम पाळत नसेल तर आपण जिनेव्हा करार, म्हणजे युद्धात कैदी, जखमी यांना कसं वागवायचं याचे आंतरराष्ट्रीय नियम, का पाळायचे. याचं उत्तर मला आपल्या तापीकाठीच सापडतं.

शिरपूर तालुक्यातलं थाळनेर. मंदसौरच्या तहात होळकरांनी खान्देशातले किल्ले इंग्रजांना सोडले, पण २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज जनरल हिस्लॉप फौजेसह आला तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामांनी दार उघडलं नाही. तोफा सुरू झाल्यावर मामा बाहेर येऊन स्वाधीन झाले. आतल्या अरब शिबंदीशी, म्हणजे किल्ल्यावरच्या पगारी शिपायांशी, मात्र शर्तींवरून घोळ झाला. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना, दरवाजात झटापट झाली, त्यात इंग्रज अधिकारी पडले. मग फौजेने शिबंदी कापून काढली, आणि आधीच हाती आलेल्या मामांना त्याच दिवशी फासावर चढवलं. रीतसर खटला नाही, काही नाही. ब्रिटिश संसदेतसुद्धा पुढे यावर प्रश्न उठले.

आणि मिळालं काय? मे महिन्यात मालेगावच्या किल्ल्यातले अरब शिपाई इंग्रजांशी जवळजवळ महिनाभर झुंजले आणि लेखी अभय हाती आल्यावरच त्यांनी हत्यारं ठेवली. थाळनेरची बातमी त्यांच्या कानावर गेली नसेल, असं मला तरी वाटत नाही. शरण जाऊनही मरणच असेल तर माणूस शेवटच्या गोळीपर्यंत लढणार, आणि त्या गोळीने आपलाच कुणीतरी पडणार.

आता १६ डिसेंबर १९७१ चं ढाका घ्या. पाकिस्तानी फौजेच्या शरणागतीच्या कागदातच आपल्या जनरल अरोरांनी लिहून दिलं होतं की शरण येणाऱ्यांना जिनेव्हा करारांप्रमाणे सन्मानाने वागवलं जाईल. सुमारे ९३,००० जण आपल्या ताब्यात आले आणि १९७४ पर्यंत परत गेले. गल्लोगल्ली लढाई झाली असती तर ढाक्याच्या लोकांचं काय झालं असतं, याचा विचार करा. २०१९ मध्ये पाकिस्तानच्या हाती लागलेल्या आपल्या जखमी वैमानिकाचं प्रदर्शन मांडलं गेलं, तेव्हा आपल्या सरकारनेही याच करारावर बोट ठेवून निषेध केला.

शत्रूने मोडला म्हणून आपणही मोडावा, असा हा अदलाबदलीचा सौदा नाही. कराराच्या पहिल्याच कलमात तो ‘सर्व परिस्थितीत’ पाळण्याचं वचन आहे. शिवाय १९६० पासून आपल्याकडे त्याचा कायदा आहे: कैदी, जखमी अशा कराराने संरक्षित व्यक्तीला जाणूनबुजून ठार मारणाऱ्याला भारतीय न्यायालय फाशी किंवा जन्मठेप देऊ शकतं.