टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो का?

तुम्ही लिहिलंय की वय ४३, टेस्टोस्टेरॉन (पुरुषांचं मुख्य हार्मोन) कमी, २१० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आलंय आणि नुसतं बसलं तरी नाडी ९५ च्या आसपास असते. या दोन्हींचा संबंध आहे का? मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, उपचार करत नाही. तेव्हा आत काय घडतं ते सांगते, औषधाचं तुमच्या डॉक्टरांशी बोला.

संबंध असू शकतो, पण सरळ नाही.

हृदयाला स्वतःची गती असते. त्याच्या उजव्या कप्प्यातली सायनस नोड, म्हणजे ठोके सुरू करणारी पेशींची गाठ, एकटी सोडली तर मिनिटाला साधारण १०० ठोके देते. आपली नाडी ७०-७२ राहते ती मेंदूकडून येणारी व्हेगस नस तिला दिवसरात्र आवरून धरते म्हणून. हृदय प्रत्यारोपणात या नसा कापल्या जातात, आणि ते नवं हृदय माणूस स्वस्थ पडलेला असतानाही ९०-१०० नी चालतं. व्हेगस म्हणजे गाडीवानाच्या हातातला कासरा. बैल पळायला दर वेळी चाबूक लागतो असं नाही, कासरा ढिला पडला तरी पुरतं.

टेस्टोस्टेरॉन कमी पडलं की हा कासरा ढिला पडतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं. वृषणं काढलेल्या नर उंदरांचा रक्तदाब औषधाने चढवला तर ठोके जितके उतरायला हवेत तितके उतरत नाहीत. टेस्टोस्टेरॉन परत दिलं की उतरतात. एरवी दाब चढल्याची खबर मानेतल्या धमन्यांमधून मेंदूच्या देठाकडे जाते आणि तिथून व्हेगसमार्फत हृदयाला सावकाश चालायचा हुकूम येतो. हार्मोनशिवाय ही ये-जा मंदावते. हृदयाच्या स्नायूवरही हार्मोनचं थेट काम चालतं. वयात येताना मुलांच्या ईसीजीतला क्यूटी काळ, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, आखूड होतो. प्रोस्टेटच्या कर्करोगात उपचार म्हणून हार्मोन बंद करतात, तेव्हा तो लांबू शकतो आणि ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणून तुम्ही एक साधा ईसीजी जरूर काढून घ्या.

आता माझ्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगते. दरवर्षी मी मुलांकडून खोल श्वासाची चाचणी करून घेते. टेबलावर एकाला झोपवायचं, ईसीजीच्या तारा (लीड) लावायच्या, मी हात वर केला की पाच सेकंद श्वास आत, खाली केला की पाच सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास. निरोगी माणसाच्या ईसीजीच्या पट्टीवर श्वास घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांब जातात. सर्वांत जलद आणि सर्वांत मंद गतीत मिनिटाला १५ किंवा जास्त ठोक्यांचा फरक असला तर व्हेगस चांगली आहे. १० किंवा कमी असला तर ती थकली आहे. एका वर्षी आमच्या विभागातले पन्नाशीचे मदतनीस हौसेने टेबलावर झोपले. त्यांची पट्टी आली कुंपणाच्या खांबांसारखी, सगळे ठोके सारख्या अंतरावर. फरक जेमतेम ६. मुलं म्हणाली, "मॅडम, किती छान एकसारखा आलाय!" माझ्या पोटात धस्स झालं. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर साखर निघाली, आणि ती बरीच जुनी असावी.

तुमच्या बाबतीत मला हीच शंका घ्यावीशी वाटते. मधुमेह व्हेगसला लवकर इजा करतो आणि टेस्टोस्टेरॉनही खाली आणतो. पोटावरची चरबी त्या हार्मोनचं इस्ट्रोजेन करून टाकते. घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही दोन्हीकडून मारतं. माणसांच्या पाहण्यांमध्ये कमी टेस्टोस्टेरॉन आणि ठोक्यांतला कमी चढउतार एकत्र सापडतात खरे, पण दोघांचं मूळ बऱ्याचदा असं तिसरीकडे असतं. शिवाय ९५ ची नाडी थायरॉईड किंवा रक्त कमी असल्यानेही होते. साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन या तीन तपासण्या आधी करा.

टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनची घाई मात्र करू नका, ही कळकळीची विनंती. २०२३ साली ट्रॅव्हर्स ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात टेस्टोस्टेरॉन कमी असलेले आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले पाच हजारांहून जास्त पुरुष होते. टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके बेताल होणं, जास्त दिसलं. आणि बाहेरून हार्मोन घेतलं की शरीर शुक्राणू बनवणं थांबवू लागतं. अजून मूल हवं असेल तर हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

२१० हा आकडा एकदाच आलेला असेल तर तपासणी पुन्हा करा. सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी, ताप वगैरे नसताना. सोबत एलएच आणि प्रोलॅक्टिन या पिट्युटरीच्या दोन हार्मोन्सच्या तपासण्याही लिहून घ्या, म्हणजे बिघाड वृषणांत आहे की वर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत, तेही कळेल. आदल्या रात्री नीट झोपा, जागरणानेसुद्धा हा आकडा खाली येतो.