आमचं छोटं कलादालन आहे. एलईडी दिवे लावले, आता सोलार बसवावं म्हणतो. पर्यावरणावरचा भार कमी करायला आणखी काय करता येईल?

एलईडी लावलेत, चांगलं केलंत. हॅलोजन नुसता वीज खात नाही, दालनही तापवतो, आणि ती उष्णता बाहेर काढायला एसी राबतो. पण सोलारवाल्याला बोलावण्याआधी दालनाच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहा. काय येतं, कशातून येतं, प्रदर्शन उतरल्यावर कचऱ्यात काय जातं, ते बघा. खरा भार तिथे आहे आणि तो प्रदर्शनांच्या वेळापत्रकात ठरतो. हे सांगितलेलं कुणाला आवडत नाही. दिवे इलेक्ट्रिशियन बदलतो, वेळापत्रकाला हात लावायचा तर साहेबांनाच बदलावं लागतं.

मी एका दालनात चित्रांची ने-आण आणि साठवण बघत होते. पर्यावरण याच विषयावर मोठं प्रदर्शन ठरलं. वितळणारा बर्फ, प्लास्टिकने भरलेले किनारे, सगळं होतं. चित्रं परदेशातून जहाजाने आली, आणि काय सुरेख पेट्यांतून! बाहेरून प्लायवूड, कडांना लाकडी पट्ट्या, आत प्रत्येक फ्रेमच्या मापाचा कापलेला फोम. झाकणाला नटबोल्ट, खिळा एकही नाही. कुठली फ्रेम कुठल्या खाचेत, वरची बाजू कोणती, हे फोमवर मार्करने लिहिलेलं. अशी पेटी नीट ठेवली तर वर्षानुवर्षं फिरते.

चित्रं भिंतीवर लागली, पेट्या मागच्या खोलीत रचल्या. उद्घाटनाच्या तोंडावर संचालकांना तीच खोली पाहुण्यांना बसवायला हवी झाली.

"सर, या पेट्या परतीला लागणार आहेत."

"अगं, तोवर ठेवणार कुठे? नव्या करून घेऊ. सुतार आहे की आपला."

संध्याकाळपर्यंत पेट्या फोडून टेम्पोत गेल्या. त्याच वेळी पुढच्या हॉलमध्ये पृथ्वी वाचवण्याचा मजकूर व्हिनायलच्या हातभर अक्षरांत भिंतीवर चिकटवणं चालू होतं. व्हिनायल म्हणजे पीव्हीसी, भिंतीवरून निघालं की सरळ कचरा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

सुतारानं नव्या पेट्या चोख केल्या, त्याचा काही दोष नाही. पण पट्ट्यांच्या लाकडावर शिक्का नव्हता. परदेशी जाणाऱ्या पॅकिंगमधलं अखंड लाकूड आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का असलेलं लागतं, म्हणजे लाकडातली कीड देशोदेशी पसरत नाही. उष्णतेची प्रक्रिया असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना सलग ३० मिनिटं तापवावं लागतं. प्लायवूडला ही अट नाही, पट्ट्यांना आहे. फोडून टाकलेल्या प्रत्येक पेटीवर तो शिक्का ठसठशीत होता. हे मी आधी लेखी कळवलं होतं. पट्ट्या बदलेपर्यंत जहाज चुकलं. चित्रं देणाऱ्यांनी करारातली परतीची तारीख पुढे केली आणि सगळा माल विमानानं गेला. तेवढंच वजन तेवढ्याच अंतरावर नेताना विमानाचं उत्सर्जन जहाजाच्या दहा-वीस पटींच्याही पुढे जातं. वर्षभर दिवे बंद ठेवून वाचवलेलं त्या एका फेरीत गेलं असेल. नंतरच्या बैठकीत सरांनी काय सांगावं? "शिपिंगचं नियोजन कमी पडलं."

तर तुमच्यासाठी: प्रदर्शनं कमी करा आणि जास्त दिवस ठेवा. याला तोड नाही. चित्रं मागवण्याचा करार करतानाच पेट्या कुठे राहणार ते लिहून घ्या. जागा नसेल तर भाड्याच्या पेट्या मिळतात, त्या मागवा. परतीची तारीख जहाजाला पुरेल इतकी सैल ठेवा. फोटो किंवा डिजिटल प्रिंट असेल तर फाइल मागवा, आपल्याकडे छापा, आणि संपल्यावर कलाकाराशी ठरल्याप्रमाणे नष्ट करा. दर प्रदर्शनाला एमडीएफच्या नव्या भिंती उभारायचा शौक सोडा. सरकवता येणाऱ्या भिंती एकदाच करा. चित्राबरोबर माणूस पाठवण्याऐवजी पेटी उघडताना व्हिडिओ कॉलवर तपासणी करायला आता बरेच जण तयार होतात. गुस्ताव्ह मेट्झगर या कलाकारानं कलेपायी होणारे विमानप्रवास कमी करा म्हणून २००७ मध्येच मोहीम काढली होती, तेव्हा हे काही आजचं खूळ नाही. २०२० मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या गॅलरी क्लायमेट कोअलिशनचं ध्येय २०३० पर्यंत उत्सर्जन निदान निम्म्यावर आणायचं आहे. त्यांचं कार्बन कॅल्क्युलेटर फुकट आहे. त्यात आपले आकडे भरा, म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही.

दुसरा मोठा भार एसीचा. त्यावरूनही माझं सरांशी वाजलं होतं. त्यांना आर्द्रता ५० टक्के, फार तर पाच इकडेतिकडे, रात्रंदिवस हवी. या हट्टाचं मूळ जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीनं आपली चित्रं वेल्समधल्या मॅनॉडच्या खाणीत हलवली. तिथल्या स्थिर हवेत त्यांच्या रंगाचे पोपडे सुटायचं प्रमाण खूप कमी झालं. त्यातून स्थिर हवेचं महत्त्व पटलं, ते ठीकच. पण पुढे त्याचे अगदी चिंचोळे आकडे झाले आणि ते सगळीकडे सरसकट लागले. आता मोठ्या संग्रहालयांचा बिझो गटच म्हणतो की बहुतेक वस्तूंना ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान चालतं, फक्त २४ तासांत आर्द्रता दहा टक्क्यांहून जास्त हलू नये. मी ते छापून सरांच्या टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, "मोठ्यांचं वेगळं असतं." अहो, मोठ्यांकडे लिओनार्दो आहे, आपल्याकडे बहुतेक अॅक्रिलिक!

लाकडी फळीवरची जुनी चित्रं, हस्तिदंत, चर्मपत्र यांना मात्र हे लावू नका. त्यांची सोय वेगळी करा: बंद काचपेटी आणि आत ओलावा सांभाळणारं सिलिका जेल, म्हणजे एका वस्तूसाठी अख्खं दालन थंड करावं लागत नाही. फ्रेमला मागून बॅकिंग बोर्ड लावला तरी कॅनव्हासला पुष्कळ आधार मिळतो. एसीचे आकडे बदलण्याआधी डेटा लॉगर, म्हणजे तापमान-आर्द्रता आपोआप टिपणारं यंत्र, लावून सगळ्या ऋतूंतल्या नोंदी घ्या. उसन्या आणलेल्या चित्रांना मालकाच्या अटी बंधनकारक असतात, तिथे माझं उत्तर दाखवून उपयोग नाही. जहाजाच्या कंटेनरमध्येही तापमान आणि दमटपणा वरखाली होतो, त्यामुळे नाजूक कामं त्यातून पाठवण्याआधी संवर्धकाला विचारा, विमा कंपनीलाही.

सोलारचं राहिलंच. छप्पर स्वतःचं असेल आणि त्यावर सावली नसेल तर जरूर बसवा. पण एसीचा भार आधी उतरवा आणि उरलेल्या भाराच्या हिशेबानं पॅनल घ्या.