लिलावात नाव लागेल म्हणून कॉलेज सोडू द्यायचं का?

प्रश्न : मॅडम नमस्कार, आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला राहतो, मी विड्या वळते, मालक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमवर आहेत. पोरगा सतरा वर्षांचा, अकरावीला आहे, कबड्डीत रेडर, जिल्ह्याच्या टीममधून खेळलाय. आता कॉलेज सोडतो, दिवसभर प्रॅक्टिस करतो म्हणतोय. एकाने सांगितलंय दीड लाख भरा, प्रो कबड्डीच्या सिलेक्शनला थेट घुसवतो. पोरगं ऐकंना झालंय. बचत गटातून कर्ज काढू का?

उत्तर : ताई, कर्ज अजिबात काढू नका. प्रो कबड्डीत टीम लिलावात बोली लावून खेळाडू घेते, तिथे टीम खेळाडूला पैसे देते, खेळाडूकडून घेत नाही, त्यामुळे सिलेक्शनसाठी जो पैसे मागतो तो फसवतोय असंच धरून चाला. तुम्ही हजार विड्या पुऱ्या करायला दिवसभर पाठ मोडून बसता, सुपात पानं, तंबाखू, मधेच स्वयंपाक, तो पैसा असल्या माणसाच्या हातात जाऊ नये हे मला अगदी मनापासून वाटतं.

आता पोराचं. 2023 च्या लिलावात कबड्डीपटू पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाखांच्या वर मिळाले, पोरांच्या मोबाईलवर तेवढंच फिरतं, आणि साहजिक आहे, लूमवर रात्रपाळी करणाऱ्या बापाकडे बघून पोराला दुसरी वाट हवीच असते, त्यात त्याची काही चूक नाही. पण टीम 12, एकेका टीममध्ये वीसेक जण, म्हणजे सगळ्या देशातून अडीचशे-तीनशे पोरं, त्यात बाहेरच्या देशातलेपण आले, आणि सीझन जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. गुडघ्याचं लिगामेंट गेलं तर तेही संपलं. बरं पवनसुद्धा एरवी रेल्वेकडूनच खेळत आलाय. आपला कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे, 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकला ब्रॉंझ मारलं नेमबाजीत, तो तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. धावपटू अविनाश साबळे बीडचा, तो आर्मीत. म्हणजे घर चालतंय ते नोकरीच्या पगारावर, आणि ती नोकरी खेळाने मिळवून दिली. ही वाट तुमच्या पोराला आज उघडी आहे, पण बारावी सोडली की त्यातले बरेच दरवाजे बंद होतात.

कसं ते सांगते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वे, पोलीस, आर्मी यांची स्पोर्ट्स कोट्यातली भरती वेगळी. पण पदाला जे शिक्षण लागतं ते लागतंच, खेळ बघून त्यात सूट मिळत नाही. आणि सर्टिफिकेट मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं पाहिजे, क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी होते, बोगस सर्टिफिकेटवर लागलेली माणसं नंतर पकडली गेलीत. गल्लीतल्या स्पर्धेचा कप कितीही मोठा असू दे, भरतीत त्याचा उपयोग शून्य. म्हणून त्याला म्हणा, शालेय स्पर्धेतून आणि असोसिएशनच्या निवड चाचणीतून राज्यापर्यंत जा, तिथे मेडल काढ. राज्यावर खेळला तर बारावीला वाढीव गुणपण मिळतात, त्याचा अर्ज कॉलेजमधूनच जातो, मग कॉलेज सोडून कसं चालेल?

सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास ग्राउंड, मधे कॉलेज, या वयाला एवढं पुष्कळ झालं. दिवसभर खेळून गुडघे झिजतील फक्त. खायला डब्यातली प्रोटीन पावडर नको, रोज अंडी, भिजवलेले हरभरे, आणि आपली शेंगाचटणी-भाकरी आहेच. आणि वय कमी दाखवून ज्युनिअर खेळवतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या, हाडांच्या टेस्टमध्ये सापडतं आणि बंदी येते, करिअर तिथेच खलास.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, शाळेकडून खो-खो खेळते. नातेवाईक म्हणतात खो-खोत काय ठेवलंय, क्रिकेटला टाका, पैसा तिकडे आहे. मी रिक्षा चालवतो, किटचा खर्च झेपेल असं वाटत नाही. काय करू?

उत्तर : दादा, तिला खो-खो आवडतोय ना, मग खेळू द्या. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या मुली जिंकल्या, कॅप्टन आपली महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. वर सांगितलेला नोकरीचा कोटा खो-खोलाही आहेच. आणि तेराव्या वर्षी क्रिकेट नाही घेतलं म्हणजे गाडी चुकली असंही नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली, माळशिरसकडची किरण नवगिरे आधी भालाफेक करायची, क्रिकेटकडे ती उशिरा वळली, 2022 ला टी-ट्वेंटीत 162 नाबाद मारले आणि पुढच्या वर्षी डब्ल्यूपीएलला, म्हणजे बायकांच्या प्रीमियर लीगला, 30 लाखांना गेली. धावणं, वाकणं, चपळाई, हे खो-खोत जे अंगात बसतं ते पुढे कुठल्याही खेळात उपयोगी पडतं.

आत्ता बघायचं ते एवढंच की सराव कोण घेतं, मुलींसोबत बाई आहेत का, बाहेरगावी नेतात तेव्हा राहायची सोय कशी असते. हे विचारायला लाजू नका. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या, म्हणजे राहून खेळ शिकायच्या केंद्राच्या, चाचण्या निघतात, निवड झाली तर राहणं, जेवण, शाळा सगळं सरकार बघतं, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा, जाताना आधार आणि जन्मदाखला बरोबर ठेवा, दोन्हीवर नाव आणि तारीख सारखी आहे ना ते आधी तपासा.