जुन्या मॅटाडोरचा फिरता संसार

प्रश्न : माझ्या वडिलांनी 1974 साली घेतलेली बजाज टेम्पो मॅटाडोर व्हॅन आमच्या मळ्यातील शेडमध्ये गेली बारा वर्षे उभी आहे. तिचे मूळ इंजिन काढून 1980च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजच्या परवान्याने बनलेले डिझेल इंजिन बसवले होते व तशी नोंद आरसी बुकात आहे. तिचा कॅम्पर (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) करून सह्याद्रीतील कच्च्या वाटांनी आणि पुढे लडाखपर्यंत जाण्याचा मानस आहे. ती फोर-व्हील-ड्राइव्ह करता येईल का, आणि व्हिंटेज नोंदणी घ्यावी का?
— एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : एकेकाळी गावोगाव दिसणाऱ्या या गाड्यांपैकी फार थोड्या आता शाबूत आहेत, त्यामुळे ती भंगारात न घालता आपण जपून ठेवलीत याचा मनापासून आनंद वाटला. आकुर्डीच्या कारखान्यात बनलेल्या मॅटाडोरचे मूळ जर्मनीतील हानोमाग कंपनीच्या व्हॅनमध्ये आहे. याच घराण्यातील गाड्या तेथे पुढे मर्सिडीजच्या नावाने विकल्या गेल्या, आणि त्यांचे कॅम्पर करून फिरणारे हौशी लोक तेथे आजही आहेत. म्हणजे आपली कल्पना मुळीच वावगी नाही. फक्त या गाडीचा स्वभाव ओळखून काम करायला हवे.

तो स्वभाव असा, की मॅटाडोरमध्ये इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट नसल्यामुळे तिचा तळ सपाट आणि बुटका आहे, आणि आत बिछाना, ओटा व कपाटे मांडायला याहून सोयीची जागा मिळणे कठीण. मात्र चढावर गाडीचे वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या मातीत जागीच फिरू लागतात. पावसाळ्यात तांबड्या मातीच्या एका चढावर भाजीने भरलेली मॅटाडोर अशी अडलेली मी लहानपणी पाहिली आहे. चालकाने चार-सहा वेळा प्रयत्न केला, मग शांतपणे गाडी वळवली आणि रिव्हर्समध्ये, दारातून मान बाहेर काढून, तोच चढ पार केला. उलट्या गाडीत चालणारी चाके उताराच्या बाजूला आल्यामुळे वजन त्यांच्यावर पडले होते.

फोर-व्हील-ड्राइव्हचा विचार मात्र सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी), मागचा चालता ॲक्सल आणि शाफ्टला जागा करण्यासाठी कापलेला तळ एवढे सगळे लागेल, आणि एवढे करून उरेल ती आपल्या वडिलांची मॅटाडोर नसेल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. गाडी फार उचलूही नये, कारण उंची वाढली की पुढच्या ॲक्सलचे सांधे तिरके चालून लवकर झिजतात. मूळ मापाशी जुळणारे, जाड नक्षीचे टायर आणि इंजिनच्या तेलपात्राखाली लोखंडी पत्र्याचे कवच एवढ्यावर कच्च्या वाटांचे बहुतेक काम भागते.

व्हिंटेज नोंदणीच्या वाटेला जाऊ नये. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या खासगी गाडीला ती मिळू शकते, परंतु चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे, आणि आपले इंजिन तर बदललेले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशी गाडी प्रदर्शन, रॅली किंवा दुरुस्ती अशा ठरावीक कारणांखेरीज नियमितपणे रस्त्यावर चालवता येत नाही; मग कॅम्परचा उपयोग काय? त्याऐवजी सध्याच्या नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे आणि खासगी कॅम्पर म्हणून नोंद बदलण्यासाठी आरटीओकडे कामाआधीच लेखी विचारणा करावी.

आता प्रत्यक्ष काम. आधी पत्रा पाहावा. दारांखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी आणि तळाचे कोपरे स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावेत. टोक आत गेले, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडल्याशिवाय आत एकही फळी ठोकू नये. भिंतींच्या आत काचलोकर भरू नये. ती ओल धरून ठेवते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पत्रा आतून खाते. बंद छिद्रांचा फोम पत्र्याला घट्ट चिकटवणे उत्तम. गॅस हवेपेक्षा जड असल्याने सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवेच. ओटा, बिछाना, कपाटे हे सारे बोल्टने बसवावे, म्हणजे पुढे कधी गाडी मूळ रूपात आणायची झाली तर सांगाड्याला धक्का लागणार नाही.

इंजिनाची चिंता कमी आहे. याच घराण्यातील इंजिन त्याच कंपनीच्या ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर या गाड्यांमध्येही होते, त्यामुळे सुटे भाग आणि हात बसलेले मिस्त्री अजून सापडतात. पंप पूर्णपणे यांत्रिक असल्याने डिझेलमध्ये हवा शिरली तरी ती हाताने काढून गाडी पुन्हा सुरू करता येते. लडाखच्या उंच खिंडींत मात्र हवा जवळपास निम्मी होते. टर्बो नसलेले हे इंजिन तेथे काळा धूर सोडत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चढेल. पहिला हंगाम सह्याद्रीत काढावा आणि मगच उत्तरेकडे निघावे.

शेवटी वजनाचे. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, आणि ती टाकी मागच्या दाराशी ठेवली तर चढावर तीच आपल्याला अडवेल. पाणी आणि बॅटरी चालकाच्या आसनाच्या लगेच मागे, तळाशी बसवावी. काम सुरू होण्यापूर्वी रिकामी गाडी आणि संपल्यावर भरलेली गाडी जवळच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन लिहावे, मग संपूर्ण गाडीचे घ्यावे. पुढचा आकडा एकूण वजनाच्या निम्म्याहून कमी भरला, तर सामान आणखी पुढे सरकवून पुन्हा काट्यावर यावे.