दुसऱ्या बाराची किंमत

डिचोली, गोवा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचे छायाचित्र दोन्ही मिळाले. छायाचित्र मी खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरून पाहिले. तू घेऊ पाहतोस ती परदेशी सेमी-ऑटोमॅटिक रायफल देखणी आहे, यात वाद नाही. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावरचे हाताने कोरलेले जाळीकाम आणि नळीची शाबूत राहिलेली निळसर झळाळी पाहून माझ्यासारख्या जुन्या शिपायाचाही हात शिवशिवला. विक्रेता नऊ लाख मागतो, जमिनीच्या व्यवहाराचे पैसे बँकेत पडून आहेत, आणि घेऊ की नको एवढेच तू विचारतोस. एका शब्दात उत्तर देता आले असते, पण एनसीसीच्या कॅम्पात .२२ डिलक्स ही सरावाची रायफल पहिल्यांदा खांद्याला लावलीस तेव्हापासून कारण सांगितल्याशिवाय तू कोणाचे ऐकले नाहीस, म्हणून कारणांसकट लिहितो.

प्रथम त्या रायफलीच्या बाजूने बोलतो, कारण तिच्या जातीशी माझे वैर नाही. १९७४ साली बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती झालो तेव्हा हातात ७.६२ मिलिमीटरची एसएलआर आली आणि पुढची वीसेक वर्षे ती किंवा तिची बहीण माझ्यासोबत राहिली. एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, तू जिला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतोस तीच जात. गोळी नळीतून पुढे जात असताना तिच्यामागचा थोडा वायू एका बारीक छिद्रातून वरच्या नळकांड्यात शिरतो आणि तिथल्या दट्ट्याला धक्का देतो. त्या धक्क्याने बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा पोलादी खिट्टा, मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना बोल्ट नवे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, बसवतो. घोडा सोडून पुन्हा दाबला की पुढचा बार. हे सारे एका क्षणात होते, गाल दस्त्यावरून हलत नाही, डोळा निशाण्यावरून ढळत नाही, आणि त्या यंत्रणेतच थोडा धक्का खर्ची पडत असल्यामुळे खांद्यावरचा मारही सौम्य होतो. याउलट ईशापूरच्या .३१५ रायफलीचा बोल्ट प्रत्येक बारानंतर वर, मागे, पुढे, खाली असा हाताने फिरवावा लागतो आणि तेवढ्यात जमलेला नेम मोडतो. तेव्हा ही सोय खरी आहे. तिच्यामागची कारागिरीही खरी आहे, आणि एखाद्याला उत्तम यंत्राची ओढ वाटावी यात मला काही गैर दिसत नाही.

मात्र या साऱ्या यंत्रणेचा हेतू एकच आहे, तो म्हणजे दुसरा बार लवकर निघावा. ती नसती तरी पहिला बार तितकाच नेमका गेला असता. नऊ लाखांतला मोठा भाग तू त्या दुसऱ्या बारासाठी मोजणार आहेस. मला त्याची गरज होती, कारण समोरचा माणूसही हातात रायफल घेऊन उभा असायचा. तुला तो कोणावर आणि कुठे टाकायचा आहे, याचे उत्तर तुझ्या चार पानी पत्रात मला सापडले नाही.

आता कायद्याकडे वळतो. विक्रेत्याने तुला सांगितलेले, ‘परवान्याचे मी बघतो, साध्या बोअरमध्ये बसवून देतो’, हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. बोअर म्हणजे नळीचे माप, आणि साधा बोअर म्हणजे सामान्य परवान्यावर मिळणारे हत्यार; पण २०१६ च्या शस्त्रास्त्र नियमांमध्ये अशी रायफल पहिल्या वर्गात, म्हणजे लोक ज्याला प्रतिबंधित बोअर किंवा पीबी म्हणतात त्यात मोडते. तिचा परवाना आपले जिल्हाधिकारी देत नाहीत, तो दिल्लीहून केंद्रीय गृहमंत्रालयाकडून यावा लागतो, आणि त्यासाठी जिवाला गंभीर व निकटचा धोका असल्याचे पटवून द्यावे लागते. काजू आणि सुपारीच्या बागायतदाराला तो धोका कागदावर कसा दाखवणार? परदेशी बंदुकांची खासगी आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद झाली, नामांकित नेमबाजांसारखे मोजके अपवाद तेवढे उरले. म्हणूनच जुन्या परदेशी हत्याराला आज असा भाव येतो, आणि म्हणूनच ते कोणाच्या तरी गळ्यात घालण्याची घाईही असते. १९५९ च्या मूळ शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार विनापरवाना बाळगल्यास किमान सात आणि कमाल चौदा वर्षांची कैद आहे. कागदावर भलताच प्रकार लिहून रायफल तुझ्या घरी आली, तर विक्रेता पैसे मोजत बसेल आणि दाराशी पोलीस तुझ्या येतील. मूळ मालकाचा परवाना कोणी दिला आणि त्यावर नेमके काय नोंदले आहे, हे त्याच्याकडून लेखी माग. तो पुन्हा फोन करणार नाही, असा माझा अंदाज आहे.

खरे तर इथेच पत्र संपायला हवे. पण तुला परवान्याचीच अडचण वाटेल आणि मनातून ती रायफल जाणार नाही, म्हणून उद्या दिल्लीहून परवाना आला असे धरून पुढचे लिहितो.

माळावर एकटे घर आहे, रात्री भीती वाटते, असे तू लिहिले आहेस. भीती खोटी नाही. परंतु रायफलीची गोळी भिंत पाहून थांबत नाही. ७.६२ ची गोळी कशाला अडली नाही तर तीन किलोमीटरांहूनही पुढे जाऊ शकते, आणि ज्या .२२ ला आपण कॅम्पात खेळणे समजत होतो तिची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाते. बारा बोअरच्या बंदुकीचे बारीक छर्रे मात्र दोन-तीनशे मीटरांत गळून पडतात. तुमच्या कुळागरापासून, म्हणजे सुपारीच्या बागेपासून, खालच्या वाड्यापर्यंतचे अंतर मी पायी चाललो आहे, ते पाऊण किलोमीटरहून जास्त नाही. मध्ये पोफळी, पाट आणि दोन पायवाटा आहेत, आणि अंधारात त्या पायवाटांनी कोण येत असेल हे तुझ्या दुर्बिणीला कळणार नाही. चिऱ्याच्या बांधावर तिरकी आदळलेली गोळी कुठे उडेल ते तर कोणालाच सांगता येत नाही. फायरिंग रेंजच्या शेवटी मातीचा उंच बांध का असतो, हे मी तुला पहिल्याच दिवशी दाखवले होते. तुझ्या घराभोवती तसा बांध कुठे आहे?

बागायतीच्या राखणीचेही तसेच. रानडुकरांनी किती नासाडी केली ते मी पाहिले आहे आणि तुझा संताप समजतो. तरी रानडुक्कर असो वा गवा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच दोघांनाही आहे, आणि वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यांच्यावर झाडलेली गोळी हा गुन्हाच ठरतो. हाकलण्यासाठी आवाज पुरतो. पीक राखायला कायद्यानेच ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची, बंदूक ग्राह्य धरली आहे, आपले आजे-पणजे तीच वापरत आले, आणि ती भरायला वेळ लागतो म्हणून माणूस बार टाकण्याआधी दोनदा पाहतो, हा तिचा गुण कोणी मोजत नाही.

हत्यार सांभाळणे म्हणजे काय, हे तुला अजून ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एसएलआर फायरिंगवरून आली की आम्ही ती उघडून सतरंजीवर मांडायचो. दट्ट्यावर आणि गॅसच्या छिद्रात काळा कार्बन खरपुडीसारखा धरलेला असायचा. तो खरवडून काढायचा, मग पुलथ्रूच्या, म्हणजे नळी साफ करायच्या, दोरीला फोर बाय टू नावाची कापडाची चिंधी बांधून ती नळीतून ओढायची, चिंधी पांढरी निघेपर्यंत ओढत राहायचे, आणि शेवटी तेलाचा हात इतका पातळ फिरवायचा की बोटाला लागावा पण डोळ्याला दिसू नये. एवढे करूनही कोतमध्ये, म्हणजे हत्यारखान्यात, जमा करताना उस्ताद करंगळी चेंबरमध्ये फिरवून काळी काढून दाखवायचा. छिद्र तुंबले की रिकामे काडतूस अर्धवट अडकते आणि रायफल ऐन वेळी मुकी होते. बोल्टच्या रायफलीला हा त्रास नाही. त्यात आपला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या घरात. जूनमध्ये कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, तिथे पोलादाची काय कथा! पुष्कळ जण महागडी रायफल चामड्याच्या पेटीत जपून ठेवतात आणि तीच पेटी ओल धरून नळीला गंज चढवते. शिवाय परदेशी रायफलीची एक स्प्रिंग किंवा काडतूस ओढणारी आकडी मोडली, तर सुटा भाग कुठून आणणार? हत्यार दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो, वाळपईच्या बाजारात वेल्डरकडे देता येत नाही.

आणखी एक अनुभव सांगतो, तो माझाच आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करण्याचे फर्मान बहुधा निघतेच, आणि आपल्याकडे विधानसभा, लोकसभा, पंचायत असे एकामागून एक चालू असते. २०२२ मध्ये तर फेब्रुवारीत विधानसभा झाली आणि ऑगस्टमध्ये पंचायती. अशाच एका निवडणुकीत मी माझी बारा बोअरची बंदूक तेल लावून, फडक्यात गुंडाळून एका ठाण्यात दिली. परत मिळाली तेव्हा फडके कोणीतरी काढून घेतले होते, डाव्या नळीवर तांबूस डागांची रांग उठली होती, आणि दस्त्यावर पावतीचा नंबर ऑइलपेंटने रंगवलेला होता. ती बंदूक स्वस्तातली होती, तरी रात्रभर मला झोप आली नाही. तुझे नऊ लाख त्या कोठीत दोन महिने भिंतीला टेकून उभे राहतील, तेव्हा तुझे काय होईल याचा विचार कर.

काडतुसांचा हिशेब तू केलेलाच नाहीस. परवान्यावर वर्षाची संख्या ठरलेली असते, आणि तेवढी काडतुसे ही रायफल मनात आणले तर एका सकाळी संपवील. मग उरलेले वर्ष ती कपाटात आणि तू तिच्या पहाऱ्यावर. सरावाविना हातात असलेल्या हत्यारापासून धोका आधी घरच्यांनाच असतो, विशेषतः वर्षाला एकदा शिगम्याला येणाऱ्या तुझ्या भाचरांना. शिगम्यात किंवा लग्नात हौसेने हवेत बार काढला, तर त्यालाही आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे.

‘परदेशात तर सर्रास मिळते’ असे तू लिहितोस. अमेरिकेत मिळते, हे खरे. पण १९९६ साली पोर्ट आर्थरमध्ये पस्तीस माणसे मारली गेल्यावर ऑस्ट्रेलियाने अशा रायफली लोकांकडून विकत घेऊन मोडीत काढल्या, आणि २०१९ साली क्राइस्टचर्चच्या मशिदींतील हत्याकांडानंतर न्यूझीलंडने महिन्याच्या आत बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी घातली. दोन्ही ठिकाणी मारणाऱ्याच्या हाती याच जातीचे हत्यार होते, आणि त्या जलद दुसऱ्या बारानेच मृतांची संख्या वाढवली.

तुझ्या पत्रात एकच ओळ मला मनापासून आवडली, ती म्हणजे ‘काका, नेम लागला की डोके शांत होते’. ती खरी असेल, तर तुला ही रायफल नकोच आहे. ऑलिंपिकमधला रायफलीचा कोणताही प्रकार घे, तिथे एक एक गोळी हातानेच भरायची असते. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेम धरण्याचे) कांस्यपदक जिंकले ते .२२ बोअरच्या अशाच एकबारी रायफलीने, आणि तिथला दहाचा ठिपका जेमतेम १०.४ मिलिमीटरचा असतो. दहा मीटरच्या एअर रायफलीत तर तो अर्ध्या मिलिमीटरचा. ठरलेल्या ताकदीच्या आतल्या .१७७ च्या एअर रायफलीला आपल्याकडे परवानाही लागत नाही. ती घे, घरच्या पडवीत दहा मीटर मोजून मागे मातीने भरलेली पेटी ठेव, आणि दोन पावसाळे रोज चाळीस छर्रे मार. त्यानंतरही ओढ टिकली, तर रायफल क्लबचे सदस्यत्व घेऊन .२२ चा परवाना माग. नेमबाजाला तो मिळण्याची वाट कायद्यातच आहे. पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर मी तुला स्वतः घेऊन जाईन. चांगली मॅच, म्हणजे स्पर्धेची, रायफलसुद्धा लाखांत जाते आणि त्या वेळी मी तुला पैशाचे कारण सांगणार नाही.

मधल्या काळात तुझ्या आजोबांच्या बारा बोअरकडे लक्ष दे. वडिलांना सत्तरी गाठायला फार वर्षे नाहीत, आणि सत्तरीनंतर वारसाला परवाना मिळण्याची सोय नियमात आहे. २०१९ नंतर एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात, तेव्हा त्यातली एक जागा घरच्या बंदुकीसाठी राखून ठेव. गेल्या वेळी पाहिली तेव्हा तिच्या उजव्या नळीत तोंडापासून वीतभर आत एक खळगा दिसला होता. तो वाढला असेल, तर तिच्यातून बार काढणे बरे नव्हे.

या रविवारी वडिलांनाच ती घेऊन ये, परवाना त्यांच्या नावावर आहे. काडतुसे घरी ठेवा. माझ्या पुलथ्रूची दोरी तुटली आहे, वाटेत साखळीच्या बाजारात सुती दोरी मिळाली तर दोन मीटर आण.

तुझा,
सुभेदारकाका