थायलंडची नोकरी, परमिट 'तिथं गेल्यावर'

प्रश्न : भाऊ, भाचा बीसीए झालाय, सध्या भुसावळला मोबाईलच्या दुकानात बसतो. ओळखीतला एक एजंट म्हणतो थायलंडला कॉम्प्युटरवर काम आहे, महिना ऐंशी हजार, राहणं-खाणं फुकट. दीड लाख मागतोय, आत्ता टूरिस्ट म्हणून जा, वर्क परमिट तिथं गेल्यावर काढू म्हणे. बहीण केळीचे आलेले पैसे द्यायला तयार आहे. पाठवावं का?
– एक मामा, चोपडा

उत्तर : मामा, नका पाठवू. टूरिस्ट म्हणून जाऊन तिथं नोकरी करता येत नाही, आणि हे एजंटला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहितीये.

पुढं काय होतं ते सांगतो. बँकॉकला उतरलं की गाडी तयार असते, पोरगं समजतं ऑफिसला चाललोय, आणि सात-आठ तासांनी बॉर्डरवरचं माए सॉट येतं, तिथं मोई नदी, छोटीशीच, नावेतून पार केली की पलीकडे म्यानमारचं म्यावाडी. पासपोर्टवर म्यानमारचा शिक्का नाही, म्हणजे आता तो स्वतःच बेकायदेशीर, पोलिसांकडे जायची हिंमत कुठून करणार? खरी गोम इथंच आहे. मग केके पार्कसारख्या, ऑनलाइन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांच्या कंपाउंडमध्ये पासपोर्ट काढून घेतात आणि पोरीच्या नावाचं खोटं प्रोफाईल देऊन लोकांना क्रिप्टोत पैसे टाकायला लावायचं काम देतात. टार्गेट हुकलं की मारहाण. सुटायचं म्हटलं तर घरून खंडणी मागव, नाहीतर दुसऱ्या टोळीला विकतात. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत 549 भारतीय तिथून आणले. परराष्ट्र खात्यानं तर 2022 सालीच सावध केलं होतं.

गावात म्हणतात, स्वतःच्या पायानं गेला ना, मग भोग. साफ चूक. फसवून नेऊन राबवलं तर ती मानवी तस्करी, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये पीडितानं होकार दिला होता की नाही हे बघितलंच जात नाही.

एजंटला लायसन्स नंबर मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. रजिस्टर्ड एजंटला सर्व्हिस चार्ज 30 हजार अधिक जीएसटी, एवढाच घेता येतो, हा दीड लाख कसले मागतोय? ओळखीतला आहे म्हणून भिडेत पडू नका, बऱ्याचदा अशांना माणसामागं कमिशन असतं. बहिणीला पैसे बँकेतच ठेवू द्या, आणि भाच्याच्या फोनमधले एजंटचे मेसेज डिलीट न करता जळगावला पोलिसांच्या मानवी तस्करीविरोधी कक्षात दाखवा.