"भेटायला गेलो तर चूक कबूल केल्यासारखं होईल ना?"

भोसरी एमआयडीसीतले एक कारखानदार झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांचं बावीस कामगारांचं प्रेसशॉप, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट काढतात. बारा दिवसांपूर्वी रात्रपाळीत एका मुलाची उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. यांनी खासगी दवाखान्याचं बिल भरलं, रोज सुपरवायझरला पाठवलं, स्वतः मात्र एकदाही गेले नाहीत.

"वकील म्हणाले, गप्प राहा. भेटायला गेलो तर चूक कबूल केल्यासारखं होईल ना, मॅडम?"

हा प्रश्न मला बऱ्याच मालकांनी विचारलाय. मी विचारलं, "ते मशीन चालू आहे?"

ते खाली बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी चालू केलं होतं. दोन्ही हातांनी बटणं दाबली तरच प्रेस खाली यावा, अशी सोय त्यावर होती. माल लवकर निघावा म्हणून ती काढून पायाचं पॅडल लावलेलं. झोप कशामुळे उडाली होती, हे त्यांना माझ्याआधीच ठाऊक होतं.

मग ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेचा, विषय निघाला. अपघाताचा रिपोर्ट केलाच नव्हता, "बिल तर भरलं ना" म्हणून. मला इथे राग आला, आणि तो मी लपवला नाही. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या या मुलाचा ईएसआयवर हक्क होता: बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम, आणि कायमचं अपंगत्व ठरलं तर त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे. यासाठी मालकाची चूक सिद्ध व्हावी लागत नाही. कामावर असताना इजा झाली, एवढं पुरतं. म्हणजे दवाखान्यात न जाऊन ते काहीच वाचवत नव्हते, आणि रिपोर्ट न करून त्या पोराच्या पुढच्या चाळीस वर्षांवर पाणी सोडत होते.

त्याच दुपारी रिपोर्ट गेला. संध्याकाळी ते दवाखान्यात गेले. जाण्याआधी मी एकच सांगितलं होतं, कसं झालं ते विचारू नका, तो सांगेल ते ऐका.

मुलाने बँडेजचा हात चादरीखाली घेतला आणि म्हणाला, "शेठ, डबल आला हो, प्रेस एकदम दोनदा खाली आला. माझं लक्ष होतं." बारा दिवस सुपरवायझर त्याला एवढंच विचारत होता, लक्ष कुठे होतं तुझं? आई उशाशी बसली होती. तिने विचारलं, "कामावरून काढणार का त्याला?" उपचारांच्या काळात ईएसआयचा लाभ सुरू असताना सहसा काढता येत नाही. पण त्या माऊलीला कायद्याचं कलम नको होतं, मालकाच्या तोंडून 'नाही' हवं होतं. ते त्यांनी दिलं. मशीनबद्दलही बोलले: "ते पॅडल माझ्या सांगण्यावरून लावलं होतं. आज काढायला लावलं."

अपघाताच्या रात्री शेजारच्या प्रेसवर असलेल्या, त्याला उचलून नेणाऱ्या मुलाशीही मी दोनदा बोलले. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

अडीच महिन्यांनी मुलगा परतला, त्याच पगारावर, फायनल इन्स्पेक्शनला. डाव्या हाताने व्हर्निअर, म्हणजे पार्टचं माप घ्यायचं साधन, धरायला शिकलाय. प्रेसचा आवाज जवळून आला की अजून दचकतो, म्हणून मागच्या स्टोअरमधून ये-जा करतो. ते दार पूर्वी कायम कुलपात असायचं. आता पाळी सुरू व्हायच्या आधी मालक स्वतः उघडतात.